पातं माझं, मूठ त्याची

९ ऑक्टोबर २०२५, गुरुवार
बीपी १५४/९४. कारण : लोणचं.

डॉक्टरांनी सांगितलंय की रोज बीपी मोजायचं, वहीत लिहायचं आणि जास्त आलं तर कारणही लिहायचं. हे मला शिकवायची गरज नव्हती. आधी कंडक्टर आणि मग नंदुरबार डेपोत वाहतूक नियंत्रक, अशी चौतीस वर्षं एसटीत काढली. गाडी उशिरा आली की कारण लिहायचं आणि कारण नसलं तर शोधून लिहायचं. मे महिन्यात निवृत्त झालो. आता गाड्या नाहीत, बीपी आहे.

पण आज एका ओळीत भागणार नाही. मुलाचं, भाग्येशचं, लग्न ठरलं. मुलगी स्वप्नाली, शहाद्याची. तारीख ३० नोव्हेंबर. घरात पेढे वाटणं चाललं होतं तेवढ्यात समोरून आई आली. आई परवाच्या पौर्णिमेपासून माझ्या धाकट्या भावाकडे, ईश्वरकडे आहे. तिनं पेढा तोंडात टाकला, नातवाच्या डोक्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पहिले त्यानं डोकं, मंग हयद."

म्हणजे आधी जाऊळ, मगच हळद. पोरगा चोवीस वर्षांचा झाला, पण त्याचं जाऊळ अजून काढलेलं नाही. जन्मापासून डोक्याला कात्री लागलेली नाही. वेणी घातली तर कमरेच्या खाली जाते. मिरचीच्या कंपनीत तो शीतगृहावर सुपरवायझर आहे, तिथे अंबाडा घालतो आणि वर टोपी. मोटारसायकलवर त्याचं हेल्मेट डोक्यावर बसत नाही, अंबाड्यावर बसतं. स्वप्नालीच्या घरच्यांना आम्ही 'नवस आहे' एवढंच सांगितलंय.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
१५०/९२. कारण : झोप कमी.

डॉक्टर ही वही वाचणार, म्हणून त्यांच्या माहितीसाठी लिहितो.

माझ्या आजोबांनी सुरतेहून एक वस्तरा आणला होता. काळ्या शिंगाची मूठ, मुठीच्या टोकाला चांदीचा ठिपका. आमच्या घरात प्रत्येक लेकराचं जाऊळ त्याच वस्तऱ्यानं निघतं, शेतातल्या कुलदेवीच्या ओट्यापाशी, मामाच्या मांडीवर बसवून. वडिलांचं तसंच निघालं, माझं, ईश्वरचं आणि बहीण ममताचंही.

२००३ साली वाटणी झाली. पाच पंच तीन दिवस बसले होते. शेत दोरी लावून मोजलं, विहिरीच्या पाण्याचे वार ठरवले, भांडी वजनावर वाटली. आई या पौर्णिमेपासून त्या पौर्णिमेपर्यंत एकेकाकडे, असं ठरलं. शेवटी वस्तरा राहिला. मी म्हणालो, मोठा मी, शिवाय माझ्या पोराचं जाऊळ पुढच्या महिन्यात आहे. ईश्वर म्हणाला, देवघर त्याच्या वाट्याला आलंय आणि वस्तरा देवघरातला आहे. पंच दमले होते, आत पानं वाढून झाली होती. त्यातल्या एकानं पक्कड मागवली, वस्तऱ्याचा खिळा उपटला, पातं माझ्या हातात दिलं आणि मूठ ईश्वरच्या. दोघांना सारखं झालं म्हणाले आणि जेवायला गेले. खिळा कुठे गेला ते कोणाला ठाऊक नाही.

त्या दिवसापासून ईश्वर माझ्याशी बोललेला नाही. मीही बोललो नाही. त्याचं दार माझ्या दारासमोर आहे आणि मधली गल्ली अकरा फुटांची आहे.

तेव्हा मला वाटलं होतं की जाऊळाच्या दिवशी तो मूठ घेऊन येईल, शेवटी पुतण्या आहे. आला नाही. जाऊळ विषम वर्षी काढतात म्हणून पाचव्या वर्षी वाट बघितली, मग सातव्या. पुढे केसच एवढे वाढले की विषय काढायची लाज वाटायला लागली. बायको, गायत्री, म्हणायची की तुम्हीच जा ना मागायला. मी का जाऊ? मोठा मी आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार
१४८/९०. कारण : लोणचं (दुसरं, लिंबाचं).

निर्णय झाला. ईश्वरची मूठ ईश्वरला लखलाभ. मी नवी मूठ बनवून घेणार. पातं खरं असलं की वस्तरा खरा.

ट्रंकेतून पातं काढलं. तांबेऱ्यानं पार लाल झालेलं. खोबरेल लावून ठेवलं, मग लिंबू आणि राखेनं घासलं, मग हार्डवेअरच्या दुकानातला पॉलिश पेपर, आधी खरखरीत, मग मऊ. संध्याकाळपर्यंत त्यात माझा चष्मा दिसायला लागला. बायको म्हणाली, एवढं घासून घरातली एक कढई तरी दिली असती.

एकच खोट आहे. धारेच्या मधोमध मसुराच्या डाळीएवढी खाच आहे. पंचांनी पक्कड लावली तेव्हा ईश्वर हिसका देत होता, तेव्हाच पडली असणार. दुसरं कारण दिसत नाही.

हिलाल अण्णांना बोलावून आणलं. गावातल्या तीन पिढ्यांची डोकी त्यांच्या हाताखालून गेलीत. माझं आणि ईश्वरचं जाऊळ त्यांनीच काढलं. आता ऐंशीचे आहेत, नातवाच्या सलूनमध्ये पेपर वाचत बसतात. त्यांनी पातं हातात घेतलं, लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं आणि बराच वेळ खोकले. मी विचारलं, अण्णा, धार येईल ना? म्हणाले, "आधी मूठ बसाड. धारनं मंग देखसूत." आणि चहा न घेता निघून गेले. चहा न घेता ते आजवर कधी गेलेले नाहीत. वय झालंय.

ईश्वर ६.१० ला शेतात गेला, ११.४० ला परत. खिडकी त्या बाजूला आहे म्हणून दिसतं.

१५ ऑक्टोबर, बुधवार
१५२/९२. कारण : प्रवास.

खापरला जाऊन आलो. आमच्या डेपोतल्या एका ड्रायव्हरनं नाव सांगितलं होतं, फुलसिंग वसावे. विळ्या-कुऱ्हाडींचे दांडे करतात, ढोलाची खोडं कोरतात. नंदुरबारहून तळोदा, अक्कलकुवा करत गाडी अठरा मिनिटं उशिरा पोचली. कारण विचारलं तर कंडक्टर हसला. लिहून कुठेच घेतलं नाही.

फुलसिंगभाऊ माझ्याच वयाचे, बोलायला कमी. घरच्यांशी ते त्यांच्या भाषेत बोलत होते, माझ्याशी मराठीत. मी एसटीच्या आरक्षणाच्या फॉर्ममागे मुठीचं चित्र काढलं. त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि पातं मागितलं. उलटसुलट केलं, बोटावर तोलून बघितलं. विचारलं, हे धरणार कोण? मी म्हणालो, न्हावी, ऐंशी वर्षांचे. "मग हलकी करतो. हात दमायला नको," म्हणाले. अंजनाचं लाकूड दाखवलं, काळपट आणि लोखंडासारखं जड. पातळ केलं तरी वाकत नाही म्हणाले.

मग म्हणाले की पातं ठेवून जा, तीन आठवड्यांनी या.

ते माझ्याच्यानं होईना. मूठ गेली, खिळा गेला, आता पातंही ओळख ना पाळख अशा माणसाकडे ठेवू? मी मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा मागितला, त्यावर पातं ठेवून पेन्सिल फिरवली आणि हुबेहूब कापून दिलं. फुलसिंगभाऊंनी पुठ्ठा हातात धरला. "हा पुठ्ठा आहे," म्हणाले. मी म्हणालो, मापात केसाचाही फरक नाही. त्यांनी तो माझ्या चित्रावर ठेवला.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा.
१३८/८४. कारण : कळत नाही.

ईश्वरकडची शेव आईच्या हातून आली. दरवर्षी येते, दरवर्षी मी खात नाही. यंदा नुसती चाखली. ओवा जास्त आहे, वडिलांना आवडायचा तेवढा. वाटीभर संपली.

२६ ऑक्टोबर, रविवार
१७२/१००. कारण : स्वतःचा मूर्खपणा.

हे बायकोनं लिहायला लावलं.

पातं पथरीवर घासून धार काढली. चामड्याचा पट्टा हवा होता, म्हणून कंडक्टर असतानाच्या पिशवीचा पट्टा कापून खुंटीला टांगला आणि त्यावर पातं ओढलं. धार बघायची कशी? ओट्यावर लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या. एक उचलली, उभी चिरली. बी हललं नाही अशी सुरेख चिरली. आनंदाच्या भरात तसंच गालावर लावलं.

तासभर तोंड ताकाच्या पातेल्यात धरून बसलो होतो. नंदुरबार तालुक्यात जन्म गेला आणि मिरचीचं पातं पुसायचं सुचलं नाही. ओरडलो असेन, कारण ईश्वर त्याच्या दारात येऊन उभा राहिला होता. एक पाय गल्लीत होता. मी डोळे पुसून बघितलं तर पाय आत गेला होता.

५ नोव्हेंबर, बुधवार. पौर्णिमा.
१४६/९०. कारण : खाट उचलली.

आई आज माझ्याकडे आली. पद्धत अशी आहे : ईश्वरनं खाट गल्लीच्या मध्यापर्यंत आणून ठेवायची आणि घरात जायचं. मग मी बाहेर पडायचं आणि खाट उचलून आत आणायची. वाटणीच्या कागदावर हे नाही, पण बावीस वर्षं असंच चाललंय. मधल्या वेळात आई गल्लीच्या मधोमध खाटेवर बसून असते. येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारसायकली तिला वळसा घालतात. आज ती चांगली वीस मिनिटं बसली, कारण ईश्वर दारातून हलत नव्हता आणि तो असताना मी कसा जाणार? शेवटी त्याच्या अंगणात कुठलं तरी लोखंड घणानं ठोकल्याचा आवाज आला, तो आत पळाला आणि मी खाट उचलली.

आईला विचारलं की लोहार कशाला आलाय? ती म्हणाली तिला ऐकू कमी येतं. मी कुजबुजून विचारलं, जेवण झालं का? म्हणाली, झालं.

६ नोव्हेंबर, गुरुवार
१५०/९४. कारण : पुठ्ठा.

खापर. मूठ तयार होती. बघून डोळे भरले, खोटं कशाला लिहू? काळीभोर, गुळगुळीत, हातात घेतली की सोडवत नाही. पातं आत मिटवायला गेलो तर जाईना. मुठीच्या दोन्ही पट्ट्या एकमेकींना चिकटलेल्या.

फुलसिंगभाऊ म्हणाले, "पुठ्ठ्याला जाडी नसते."

त्यांनी हात पुढे केला. या वेळी पातं दिलं. त्यांनी शेपटाकडचा खिळा काढला, दोन पट्ट्यांच्या मधे सुपारीच्या खांडाएवढी पाचर बसवली, पुन्हा खिळा मारला, पातं जोडलं. म्हणाले, पट्ट्यांत थोडी जागा पाहिजे. जागा नसली तर पातं मुठीलाच घासतं आणि धार जाते. मिटवलं. आवाज न होता मिटलं.

निघताना त्यांनी एक चमत्कारिक गोष्ट सांगितली. आठ दिवसांपूर्वी तुमच्याकडचाच एक माणूस आला होता म्हणाले. त्याच्याकडे नुसती मूठ होती, काळ्या शिंगाची, टोकाला चांदीचा ठिपका. पातं बनवून मागत होता. "मी म्हणालो, मी लाकडाचा माणूस. लोहार सांगितला एक, घरी येऊन काम करणारा."

तशा मुठी त्या काळी पुष्कळ होत्या. लोक जुन्या वस्तू सांभाळत नाहीत, कोणाचं पातं हरवतं, कोणाचं काय. मी गाव विचारलं नाही. गाडी होती.

१९ नोव्हेंबर, बुधवार
१५६/९६. कारण : गालावरची रेघ.

आज वस्तरा पुसून, दोनदा पुसून, साबण लावून दाढी केली. प्रत्येक ओढीला मधे एक रेघ तशीच राहते आणि तिथेच कातडी सोलते. चार ओढींच्या चार रेघा. हात बसलेला नाही माझा, दुसरं काय? बायको म्हणाली, ही खाच आहे तिथेच सोलतं. बायकोला हत्यारातलं काय कळतं?

तरी अण्णांकडे गेलो. त्यांनी माझ्या गालाकडे बघितलं, मुठीकडे बघितलं. मूठ झकास झाली म्हणाले, दोनदा उघडमीट केली. मी म्हणालो, अण्णा, माझ्या जाऊळाला जसा चालवला तसाच चालवा. पुन्हा खोकला. त्यांना तपासून घ्यायला सांगितलं पाहिजे, हा खोकला मला बरा वाटत नाही.

मला भीती वाटते. लग्नाला अकरा दिवस राहिलेत. पोराच्या डोक्याला जखम झाली तर? आणि वस्तरा चाललाच नाही तर आई हळद लागू देणार नाही. ती बोलल्याप्रमाणे वागते. स्वप्नालीच्या वडिलांना काय सांगू, वस्तऱ्याची वाटणी झाली म्हणून तुमच्या मुलीचं लग्न थांबलंय? भाग्येश मला एकदाही काही बोललेला नाही. आज न्हाऊन ओट्यावर केस वाळवत बसला होता, मला म्हणाला, पप्पा, राहू द्या, मला सवय झालीय. एवढा राग तर तो चिडला असता तरी मला स्वतःचा आला नसता.

२४ नोव्हेंबर, सोमवार
१४८/९२. कारण : मेव्हणा.

भाग्येशचा मामा, कुंदनभाऊ, आले. त्रेसष्ट वर्षांचे आहेत आणि गेल्या वर्षी सुरतेला उजवा गुडघा बदलून घेतलाय. भाच्याला मांडीवर बसवायचंय म्हणून डॉक्टरांना विचारून आले. डॉक्टर म्हणाले, लहान मुलाला हरकत नाही. मुलाचं वजन किती, हे यांनी सांगितलं नाही.

आज घरी एकदा बसवून बघितलं. भाग्येश शहाऐंशी किलो. डाव्या मांडीवर कुंदनभाऊ एक ते सत्तर मोजेपर्यंत टिकले.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. जाऊळ.
सकाळ १६४/९८. कारण : लिहायला वेळ नाही.
संध्याकाळ १३०/८२.

क्रमानं लिहितो, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

नऊ वाजता सगळे शेतातल्या ओट्यापाशी जमलो. ममता केस झेलायला नवं लुगडं नेसून आली होती. कुंदनभाऊ पाटावर बसले, डाव्या मांडीवर भाग्येश. पोरानं केस सोडले तर ते मामाच्या पायांवरून जमिनीला टेकले. मी डबी उघडली आणि वस्तरा हिलाल अण्णांसमोर धरला. अंजनाची मूठ उन्हात चमकत होती. मला वाटलं, बावीस वर्षांचं काम आज पुरं झालं.

तेवढ्यात ईश्वर पुढे आला. आईनं त्याला बोलावलं असणार. त्यानं खांद्यावरच्या उपरण्यातून काढला तो वस्तरा. काळ्या शिंगाची मूठ, चांदीचा ठिपका. आत नवंकोरं पातं, जीपच्या कमानपट्टीचं, विळ्याएवढं जाड.

मी कुंदनभाऊंना म्हणालो, त्याला सांगा, खरा वस्तरा पात्याचा असतो. ईश्वर कुंदनभाऊंना म्हणाला, त्याला सांगा, हातात मूठ धरतात, पातं नाही. मी म्हणालो, त्याला विचारा, बावीस वर्षं कुठे होता? तो म्हणाला, त्याला विचारा, कोणी बोलावलं होतं का? कुंदनभाऊ एकेक निरोप इकडून तिकडे देत होते, चेहरा मिरचीसारखा लाल, आणि मधे मधे म्हणत होते की काय ते लवकर ठरवा, पाय गेला. भाग्येश उठायला लागला तर ममता ओरडली, जाऊळाच्या मधे उठायचं नसतं. मग शेजारच्या शेतातले दोघे येऊन भाग्येशला दोन्ही काखांत हात घालून थोडं वर धरून उभे राहिले.

खरा कोणता हे अण्णांनीच सांगावं असं ठरलं. अण्णांनी दोन्ही वस्तरे घेतले, ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले आणि हात जोडले. देवीला जोडले की आम्हाला, ते कळलं नाही. आज खोकले नाहीत.

"ह्या वस्तराघाई एक बी केस कापायेल नही," म्हणाले. "तुन्हा नही, ईश्वरना नही, तुम्हना बापना बी नही."

मग सांगितलं. आजोबांनी सुरतेहून आणला त्याच दिवशी तो या ओट्यावरच पडला आणि धारेला खाच गेली. आजोबांना कोणाला सांगायची लाज वाटली. अण्णांच्या वडिलांना ते म्हणाले की नुसता डोक्याला टेकव आणि तुझ्या वस्तऱ्यानं काप. त्यांनी तेच केलं, पुढे अण्णांनी तेच केलं. "पोऱ्याना डोकावर खाचना वस्तरा कोन चालाडी? मी नुसता टेकाडू, आन कापे तो मन्हा वस्तरा."

भाग्येशचे केस वाऱ्यानं उडत होते. मी ते बघत होतो आणि मला एवढंच दिसत होतं की हे सगळे केस मी वाढवले. शाळेत पोरं त्याची वेणी ओढायची तेव्हा मी मास्तरांना भेटून आलो होतो, पण गल्ली ओलांडली नव्हती. मला रडू आलं आणि मी रडलो, सगळ्यांसमोर. शेजारी कोणीतरी नाक ओढत होतं. ईश्वर होता.

हे ऐकून आईला धक्का बसला असेल म्हणून मी तिच्याकडे बघितलं. ती ओट्याच्या सावलीत बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. म्हणाली, "आते टेकाडा ना दोन्ही. तो कुंदन मरी जाई."

मग मी उजव्या बाजूनं पातं टेकवलं, ईश्वरनं डाव्या बाजूनं. अण्णांनी पिशवीतून आपला ब्लेड घालायचा वस्तरा काढला, अर्धं ब्लेड घातलं आणि कामाला लागले. ममताचा पदर भरला, मग गायत्रीनं आपला पदर धरला, तोही भरला. शेवटी धान्याचं पोतं मागवलं. पाऊण तासानं भाग्येश उठला तेव्हा कुंदनभाऊंना चौघांनी उचलून बाजेवर ठेवलं.

पोराच्या डोक्याला मागे एक खळगा आहे. जन्मापासून असणार, केसांत दिसला नाही कधी. ईश्वरच्या डोक्यालाही तिथेच आहे. त्यानं मागून येऊन त्या खळग्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

आईनं कमरेची चंची सोडली. सुपारी, अडकित्ता, चुन्याची डबी आणि त्याखालून एक बारीक पितळी खिळा काढला. वस्तऱ्याचा जुना खिळा. तिच्याकडे कसा आला असं विचारलं तर म्हणाली, "तठेच व्हता." म्हातारपणी गोष्टी कुठे ठेवल्या ते लक्षात राहत नाही, बिचारीच्या चंचीत बावीस वर्षं पडून होता आणि तिलाच पत्ता नाही.

तिथेच ओट्यावर बसून आम्ही दोन्ही वस्तरे खिळे काढून सुटे केले. माझं पातं त्याच्या मुठीत घातलं. मी धरलं, ईश्वरनं दगडानं खिळा ठोकायला घेतला.

"दादा, नीट धर," तो म्हणाला. "तुन्हा हात हाली ऱ्हायना."

मी म्हणालो, माझा नाही, तुझा हलतोय. दोघांचे हलत होते. तीनदा ठोकला तेव्हा बसला.

उरलेलं नवं पातं नव्या मुठीत बसवलं. तो दुसरा वस्तरा आम्ही भाग्येशला दिला. तो म्हणाला, पप्पा, काका, माझ्याकडे ट्रिमर आहे.

१ डिसेंबर, सोमवार
१३४/८४.

लग्न पार पडलं. स्वप्नालीनं हळदीच्या आधी भाग्येशला बघितलं तेव्हा ओळखलं नाही, मग ओळखून तासभर हसली, मग त्याचे ते लांब केस गेले म्हणून रडली. कुंदनभाऊ खुर्चीत बसूनच नाचले. फुलसिंगभाऊ आले होते. त्यांनी ईश्वरला बघितलं, मला बघितलं आणि जेवायला बसले. जाताना भाग्येशकडून अंजनाची मूठ मागून घेतली, उघडली, मिटली आणि म्हणाले, आता पातं जाड आहे. पाचर बदलून देतो.

४ डिसेंबर, गुरुवार. पौर्णिमा.
१२६/८०.

आईचा जायचा दिवस. वस्तरा कोणाकडे राहणार यावर काल थोडा वाद झाला, समोरासमोर झाला, आवाज चढले. आई म्हणाली की तो तिच्या खाटेबरोबर जाईल-येईल. डबी उशाशी ठेवली.

पद्धतीप्रमाणे मी खाट उचलून गल्लीच्या मध्यापर्यंत नेली, आईला बसवलं आणि घरात जायला वळलो. ईश्वर तिथेच उभा होता, आत गेला नव्हता. त्यानं एका बाजूचे पाय धरले. आई उतरली नाही. तसंच तिला खाटेसकट उचलून आम्ही त्याच्या घरात नेलं. बावीस वर्षांनी त्या घरात गेलो. खिडकी बरोब्बर माझ्या खिडकीसमोर आहे आणि खिडकीत एक वही होती. उघडी होती म्हणून दिसली. राजादादा (म्हणजे मी) ७.०५ ला दूध, ९.३० ला पेपर, असं रोजचं लिहिलेलं. कशासाठी ते विचारलं नाही, शेतीच्या नोंदी असतील.

जेवूनच आलो. ईश्वरच्या बायकोनं लोणचं वाढलं, कैरीचं, दोनदा घेतलं. घरी येऊन बीपी बघितलं तर १२६/८०. मशीन बिघडलं असेल म्हणून पुन्हा मोजलं. तेवढंच आलं. उद्या डॉक्टरांना विचारतो, कारण काय लिहू?